चौथी शिकलेल्या आईला स्मरणचाचणीत कमी गुण: अर्थ कसा लावावा?

सातारकर (प्रश्न)
माझी आई 72 वर्षांची असून तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तिला बरीच वर्षे मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. अलीकडे ऐकूही कमी येते. तपासणीत तिला शंभरातून सात-सात वजा करायला व एक वाक्य लिहायला सांगितले. दोन्ही जमले नाही, तीसपैकी अठरा गुण पडले आणि कागदावर ‘डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) शक्यता’ असा शेरा आला. वास्तविक दूध डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलात फॅटचा दर चुकला, तर आजही तो सर्वांआधी तिच्याच लक्षात येतो. मात्र हल्ली आमटीत दुसऱ्यांदा मीठ पडते आणि सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही. हा कमी शिक्षणाचा परिणाम समजावा की आजाराची सुरुवात?

मनोमापन
केवळ अठरा गुणांवरून यातले काहीच ठरत नाही. ही चाचणी शाळा शिकलेला माणूस गृहीत धरून तयार झाली आहे. म्हणूनच 1990 च्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरातील निरक्षर ज्येष्ठांसाठी तिचे वेगळे हिंदी रूप तयार करावे लागले. तरीही सगळा दोष चाचणीवर ढकलून मोकळे होता येत नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे 7.4 टक्के असून ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. त्या पिढीतील मुलींची शाळा लवकर सुटली, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. लहानपणीच्या शिक्षणामुळे मेंदूची राखीव क्षमता, म्हणजे झीज सोसूनही काम चालू ठेवण्याची ताकद, वाढते, अशी यामागची समजूत आहे. त्यामुळे आपल्या आईंची तुलना पदवीधर शेजारणीशी न करता दोन वर्षांपूर्वीच्या त्यांच्याशीच करावी. डेअरीचे बिल ही मुरलेली सवय आहे, ती उशिरापर्यंत टिकते. मला अधिक खटकते ती गोळीची बाब.

श्रवणतज्ज्ञ
मुळात त्यांना प्रश्न नीट ऐकू आले होते का, हे कोणी पाहिले? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या 14 घटकांत मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर श्रवणदोषही आहे. श्रवणयंत्राकडून चमत्काराची अपेक्षा मात्र नसावी: 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशा यंत्रांवरील एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनी सर्व सहभागींचा एकत्रित विचार करता बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका अधिक होता त्यांच्यातील ऱ्हास जवळजवळ निम्म्याने मंदावला. आपल्या आई बहुधा या दुसऱ्या गटात मोडतील.

निवृत्त फॅमिली डॉक्टर
मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर आधी बी-12 हे जीवनसत्त्व तपासून घ्या. हे औषध दीर्घकाळ घेतल्यास बी-12 कमी होऊ शकते आणि विस्मरणाचे हे कारण बऱ्याच अंशी सुधारता येते. थायरॉइडही पाहावे. साखर अधूनमधून फार खाली जाते का, झोप आणि मन:स्थिती कशी आहे, हेही विचारायला हवे, कारण उतारवयातील नैराश्य हुबेहूब विस्मरणासारखे दिसते. सर्दीच्या आणि लघवीवरच्या काही गोळ्यांनीही स्मरण मंदावते, म्हणून घरातली औषधांची सगळी पिशवीच डॉक्टरांसमोर ठेवा. हे उरकल्यावर, कानाला यंत्र लावून, मराठीतून आणि त्यांच्या शिक्षणाला साजेशी चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी. त्याआधी गोष्टी झपाट्याने बिघडल्या, तर न थांबता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.