प्रमुख जिल्हा मार्ग सात मीटर, राज्य मार्ग साडेपाच मीटर: रस्त्याचा दर्जा नेमका कशावरून ठरतो?

नवी_साइट

नमस्कार मंडळी. पदविकेला महामार्ग आणि वाहतूक अभियांत्रिकी शिकलो, पण वर्गीकरण अजून डोक्यात नीट बसलेलं नाही. समोर सपाट भागातला एक प्रमुख जिल्हा मार्ग आहे. तो सात मीटर रुंद करायचा प्रस्ताव आहे. त्याला येऊन मिळणारा राज्य मार्ग मात्र साडेपाच मीटरचाच. पुस्तकात राज्य मार्ग वरच्या पायरीवर, मग प्रत्यक्षात तोच अरुंद कसा?

सात दिवसांच्या गणनेची रोजची सरासरी (दोन्ही दिशा मिळून) अशी: दुचाकी ३०००, कार-जीप १२००, रिक्षा ३००, हलकी मालवाहू ४००, ट्रक आणि बस ६००, ट्रॅक्टर-ट्रॉली १५०, सायकली ४००, बैलगाड्या २०. एकूण ६०७०. यावरून रुंदी कशी काढायची? आणि एकजण पीसीयू विचारतो, दुसरा सीव्हीपीडी विचारतो. दोन्ही कशाला लागतात?

मैलाचा_दगड

दर्जा आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथेच गाठ पडली आहे. दर्जा सांगतो की रस्ता कोणाला कोणाशी जोडतो आणि तो कोणाच्या ताब्यात आहे. त्यावरून किती गाड्या धावतात हे दर्जा सांगत नाही.

आजच्या पाच पायऱ्यांचं (राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग) मूळ रस्त्यांबाबतच्या १९४३ च्या नागपूर परिषदेत आहे. त्याआधी १९२७ मध्ये जयकर समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी आपली आयआरसी, उभी राहिली. नागपूर योजनेचं लक्ष्य होतं १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता. मुंबई योजनेने (१९६१–८१) ते ३२ वर नेलं आणि लखनौ योजनेने (१९८१–२००१) ८२ वर. लखनौने द्रुतगती मार्ग जोडून या पायऱ्या तीन गटांत बसवल्या: द्रुतगती मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राथमिक, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) दुय्यम, इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग तृतीय.

आपल्याकडे महाराष्ट्रात राज्य मार्गाच्या वर प्रमुख राज्य मार्ग अशी आणखी एक पायरी आहे. प्रजिमापासून वरचे रस्ते सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग १९५६ च्या कायद्याखाली केंद्र जाहीर करतं.

आता तुमचं उदाहरण. राज्य मार्ग दोन जिल्ह्यांची मुख्य ठिकाणं जोडतो, म्हणून तो राज्य मार्ग. त्या तुकड्यात वर्दळ नसेल तर साडेपाच मीटर त्याला पुरतात. प्रजिमा बाजारपेठ किंवा कारखान्याजवळून जात असेल तर तोच जास्त तुडवला जातो. दर्जा पहिल्यांदा दिसतो तो जमिनीच्या हद्दीत. सपाट, मोकळ्या भागात आयआरसी ७३ (आयआरसीचं ७३ क्रमांकाचं मानक) प्रमाणे राष्ट्रीय आणि राज्य मार्गाला ४५ मीटर जागा धरतात, प्रजिमाला २५, इजिमाला १५, ग्रामीण मार्गाला १२. डांबर साडेपाच मीटरच असलं तरी राज्य मार्गाची हद्द ४५ ची हवी. पुढे चार पदर टाकायची वेळ येईल तेव्हा ती जागा हाताशी असावी, एवढाच त्यामागचा हिशेब.

घाटमाथा

पण राष्ट्रीय महामार्ग म्हटला की निदान चौपदरी असतोच ना? आणि समृद्धी तर सगळ्यात मोठा, तो राष्ट्रीय महामार्गच असणार.

मैलाचा_दगड

दोन्ही नाही. दोन पदरी राष्ट्रीय महामार्ग देशभर आहेत, घाटात तर त्याहून अरुंद तुकडेही सापडतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी, दोन्ही राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे. राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक त्यांना नाही. द्रुतगती मार्गाची ओळख पदरांच्या संख्येत नाही, प्रवेशाच्या नियंत्रणात आहे: ठरलेल्या जागीच आत-बाहेर, मध्ये कुठेही शेताचा रस्ता येऊन मिळत नाही.

क्रमांकांचंही सांगून टाकतो, कारण जुने क्रमांक अजून लोकांच्या तोंडी आहेत. २०१० पासून उत्तर–दक्षिण महामार्गांना सम अंक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. म्हणून श्रीनगर–कन्याकुमारी ४४, तर किनाऱ्याने जाणारा पनवेल–कन्याकुमारी (कोचीपर्यंत जुना १७) ६६. पूर्व–पश्चिम महामार्गांना विषम अंक, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. धुळे–जळगाव–अकोला–अमरावती–नागपूर हा ५३ वर. तीन अंकी क्रमांक म्हणजे उपशाखा, शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा तर राष्ट्रीय, हिरवा तर राज्य मार्ग.

खडी_आणि_डांबर

@नवी_साइट, आता आकडेमोड. रुंदीसाठी पीसीयू. प्रत्येक वाहन रस्त्यावर किती कारइतकी जागा अडवतं, ते. ग्रामीण रस्त्यांसाठी आयआरसी ६४ चे गुणांक: दुचाकी आणि सायकल ०.५, कार आणि रिक्षा १, हलकी मालवाहू १.५, ट्रक-बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५, बैलगाडी ८. बैलगाडी ट्रकपेक्षा जड कशी, असं विचारू नका. इथे वजनाचा प्रश्नच नाही. ती चालते ताशी चार-पाच किलोमीटरने आणि मागे रांग लावते, म्हणून ८.

दुचाकी १५००, कार १२००, रिक्षा ३००, हलकी ६००, ट्रक-बस १८००, ट्रॉली ६७५, सायकली २००, बैलगाड्या १६०. बेरीज ६४३५ पीसीयू. ट्रॉल्या मोजून १५०, म्हणजे शंभरात अडीच, पण पीसीयूत त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला. दुचाकी निम्म्या असूनही वाटा जेमतेम २३ टक्के.

सपाट भागात, वळणं कमी असताना, रोजची क्षमता (पीसीयूत) अशी: एकपदरी (३.७५ मी) २०००, मध्यम पदरी (५.५ मी) ६०००, दोन पदरी (७ मी) १५,०००. एकपदरीचे २००० सुद्धा दोन्ही बाजूंना निदान एक मीटर चांगली साइडपट्टी असेल तरच. तुमचे ६४३५ आजच मध्यम पदरीच्या बाहेर आहेत. दरसाल ५ टक्के वाढ धरली तर १५ वर्षांनी ६४३५ गुणिले २.०८, म्हणजे साधारण १३,४००. दोन पदरीत बसतं. सात मीटरचा प्रस्ताव बरोबर आहे, चौपदरीची गरज नाही. पण रस्ता वळणावळणाचा असेल (किलोमीटरला ५० अंशांहून जास्त) तर १५,००० चे १२,५०० धरा. मग शेवटची एक-दोन वर्षं तंगी येईल.

गणना कोणत्या महिन्यात झाली ते मात्र तपासा. आयआरसी ९ वर्षातून दोन गणना मागते, एक सुगीच्या वर्दळीत आणि एक मंदीच्या काळात, दोन्ही सलग सात दिवस, चोवीस तास. उसाच्या पट्ट्यात जूनमधली गणना म्हणजे ट्रॉल्याच गायब. उलट, जत्रेच्या आठवड्यातली गणना फुगते, ती पुढे ढकलावी. आणि मोजणीचा ठिय्या गावापासून दूर हवा. एसटी स्टँडसमोर बसून मोजलं की गावातल्या गावात फिरणाऱ्या दुचाकीच कागदावर येतात.

खोदकाम_बंद

सीव्हीपीडी म्हणजे रोजची व्यापारी वाहनं, तीन टनांहून जास्त भारित वजनाची. ती लागतात जाडीसाठी. रस्त्याची रुंदी जागेवरून ठरते, जाडी आसाच्या वजनावरून. बैलगाडीचे आठ पीसीयू जाडीच्या हिशेबात शून्य.

आस जड झाला की नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. प्रमाण आस ८.१६ टनांचा. चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टन झाली. १०.२ टनांचा आस प्रमाण आसाच्या २.४ पट नुकसान करतो, ११.५ चा ३.९ पट. वजन वाढलं जेमतेम १३ टक्के, नुकसान ६० टक्क्यांहून जास्त. ओव्हरलोड तर अजून यात धरलेलाच नाही.

तुमच्या रस्त्यासाठी, आयआरसी ३७ (२०१८) प्रमाणे, फक्त ६०० ट्रक-बस धरून: ३६५ × ६०० × २१.५८ (५ टक्के वाढ, १५ वर्षं) × ०.५ (दोन पदरीत निम्मा भार एका पदरावर) × ३.९ (वाहन हानी गुणांक, म्हणजे एक गाडी सरासरी किती प्रमाण आसांइतकं नुकसान करते; १५० ते १५०० वाहनांसाठी, सपाट भाग). उत्तर ९.२ दशलक्ष प्रमाण आस. हा आकडा आणि मातीचा सीबीआर (तिची भार पेलण्याची ताकद सांगणारा आकडा) घेऊन जाडी काढायची. भरलेल्या ट्रॉल्या आणि तीन टनांवरच्या हलक्या गाड्या यात मिळवा. आसाचं वजन प्रत्यक्ष मोजता आलं तर तयार ३.९ वापरूच नका. खाणीच्या रस्त्यावर तो आकडा फार कमी पडतो.

दर्जा इथे एका जागी डोकावतो: राष्ट्रीय आणि राज्य मार्गाला २० वर्षांचं आयुष्य धरतात, बाकीच्यांना १५.

नवी_साइट

मनापासून आभार, आता उलगडलं. एक शेवटचं. याच रस्त्याची राज्य मार्ग म्हणून दर्जोन्नती होईल असं कानावर आहे. नुसता क्रमांक बदलतो की कामातही काही बदलतं? साखळी १२/४०० ला (सुरुवातीपासून १२ किलोमीटर ४०० मीटरवर) एक वळण आहे, त्याची त्रिज्या १५५ मीटर असं जुन्या नकाशात दिसतं.

वळणदार

कागदावर क्रमांक बदलतो, जमिनीवर संकल्पित वेग, म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखतात तो, बदलतो. सपाट भागात प्रजिमाला ८० (किमान ६५), राज्य मार्गाला १०० (किमान ८०). वेगाचा वर्ग भागिले (१२७ गुणिले त्रिज्या), हे उत्तर ०.२२ च्या आत हवं. त्यातले ०.०७ सुपर एलिव्हेशनचे (वळणावर बाहेरची कड उंच ठेवून दिलेला उतार), ०.१५ टायरच्या आडव्या घर्षणाचे.

१५५ मीटर त्रिज्येला: ६५ च्या वेगाने ०.२१५, बसलं. ८० ला ०.३२५, नाही. १०० ला ०.५०८, प्रश्नच नाही. म्हणजे हे वळण प्रजिमाच्या किमान वेगासाठी घातलेलं आहे. राज्य मार्गाच्या किमान ८० लाही त्रिज्या २३० हवी, १०० ला ३६०. त्यासाठी आखणी बदलावी लागते, म्हणजे भूसंपादन. हद्द २५ ची ४५ करायची ती वेगळीच. जमत नसेल तर वळणाच्या अलीकडे वेगमर्यादेची पाटी, बाणांच्या पाट्या आणि आतल्या बाजूची झाडी साफ. पण मग त्या तुकड्याचा वेग अंदाजपत्रकात ६५ असाच लिहा, १०० लिहून मोकळे होऊ नका.

जुन्या नकाशावर मात्र विसंबू नका. दोन्ही बाजूंना झेंडेवाला उभा करून बाहेरच्या कडेवर ३० मीटरची टेप सरळ ताणा आणि मधोमध टेपपासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. ७३ सेंटिमीटर भरलं तर कडेची त्रिज्या १५५, ४९ भरलं तर २३०. मध्यरेषेची हवी तर रस्त्याची निम्मी रुंदी (सात मीटरला साडेतीन) वजा करा. सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीन ठिकाणी मोजा, कारण बैलगाडीच्या वाटेवरून झालेली वळणं क्वचितच एका त्रिज्येची निघतात. तिन्हींतली सर्वांत लहान त्रिज्या धरायची.

आणि उतार बघा. या वळणाला पूर्ण ७ टक्के लागतात, म्हणजे सात मीटरमागे बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४९ सेंटिमीटर उंच. शिवाय १०१ ते ३०० मीटर त्रिज्येला ०.६ मीटर जादा रुंदी. डांबराचा नवा थर टाकताना पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र) सरळ रस्त्यावरचा अडीच टक्क्यांचा कॅम्बर, म्हणजे मधून दोन्ही कडांकडे जाणारा उतार, तसाच पुढे ओढत नेतो, तेव्हा बाहेरच्या पदराला उलटा उतार मिळतो आणि तेच ६५ चं वळण ५० चं होऊन बसतं. वरून बघता रस्ता गुळगुळीत, नवा, म्हणून गाड्या येतात जोरात.

खडी_आणि_डांबर

त्याच थराचं आणखी एक: मध्ये डांबर ५० मिलिमीटर चढलं आणि साइडपट्टीत मुरूम टाकला नाही की काठाला तेवढीच पायरी पडते. दुचाकीचं चाक उतरलं की परत वर येत नाही, आणि पावसाळ्यात काठ तुटायला तिथूनच सुरुवात होते. साइडपट्टीचा उतार डांबराच्या उतारापेक्षा निदान अर्धा टक्का जास्त आणि ३ टक्क्यांहून कमी नको. मुरूमाची बाब अंदाजपत्रकात आत्ताच धरा, नंतर तिला पैसे मिळत नाहीत.