'ॲपल' उपग्रहाचा खटाटोप सार्थकी लागला का?

धूमकेतू
१९ जून १९८१ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून ॲपल सुटला. भारताचा पहिला भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, दळणवळण उपग्रह, तोही प्रायोगिक. लोकांना त्याचा बैलगाडीवरचा फोटो तेवढा आठवतो. 'काय दारिद्र्य होतं बघा' असं म्हणून मोकळे होतात, आणि मला चीड येते. अँटेनाच्या चाचणीत भोवती धातू नको होता, म्हणून लाकडी गाडी आणली! माझ्या मते त्या दशकातलं इस्रोचं सर्वांत मोलाचं काम ॲपलच.

हिशेबनीस
फोटोबद्दल सहमत, मोलाबद्दल नाही. एरियन या युरोपीय रॉकेटचं ते चाचणी उड्डाण होतं, युरोपने जागा फुकट दिली म्हणून आपण गेलो. त्याआधीचं, मे १९८०चं उड्डाण फसलेलं. आणि एवढं करून पुढच्याच वर्षी इन्सॅट-१ए, म्हणजे देशाच्या नेहमीच्या वापराचा दळणवळण उपग्रह, आला तो अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने बांधलेला. विकतच घ्यायचं होतं तर ही माणसं आणि हा पैसा प्रक्षेपकाच्या कामाला का नाही लावला?

रानपाखरू
विकतचा इन्सॅट-१ए सप्टेंबर १९८२मध्येच निकामी झाला, हेही लिहा की. ॲपलचा एक सौर पंख उघडलाच नाही, तरी आपल्या लोकांनी वीज जपून वापरत तो दोन वर्षांहून जास्त चालवला. अशी अडचण निस्तरायला विकतच्या उपग्रहावर कोण शिकवणार?

आणि प्रक्षेपकाचं म्हणाल, तर ॲपलला भूस्थिर कक्षेत नेणारी मोटर एसएलव्ही-३ या आपल्या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावरूनच बेतलेली होती. वसंतराव गोवारीकर तेव्हा विक्रम साराभाई केंद्राचे, म्हणजे इस्रोच्या प्रक्षेपक बनवणाऱ्या केंद्राचे, संचालक होते. घन इंधनाचं तिथलं काम इथे थेट कामी आलं. ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत.

हिशेबनीस
मोटरचा मुद्दा बिनतोड आहे. पण स्वतः बांधलेला इन्सॅट-२ए आला १९९२मध्ये. मधली अकरा वर्षं?

धूमकेतू
ॲपलवर ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश घेऊन परत पाठवणारी यंत्रं, होते दोन. इन्सॅटला दूरध्वनी, दूरदर्शन आणि हवामान, तिन्ही एकाच उपग्रहातून हवं होतं. एवढी उडी दोन-चार वर्षांत मारता येत नाही, आणि तोवर देशाला थांबवून ठेवणंही बरोबर नव्हतं. म्हणून आधी विकत घेतले, शेजारी शिकणं चालू ठेवलं.

हिशेबनीस
१९८२चा समजू शकतो, १९८३चाही. पण इन्सॅट-१डी १९९०मध्ये उडाला, तोही फोर्डच्याच मालिकेतला. मधल्या काळात ॲपलनंतर आणखी एक प्रायोगिक भूस्थिर उपग्रह उडवला असता, तर तुमचं म्हणणं मी पूर्ण मानलं असतं.