हृदयातली मायट्रल झडप अरुंद, एरिया 1.0 : बलून करायचा की झडप बदलायची?

कोरेगावकर
आईचं वय 44. जिना चढताना दम लागतो, रात्री दोन उशा घेऊन झोपते. साताऱ्यात टू-डी इको केला. रिपोर्ट असा: र्‍हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (जुन्या तापामुळे अरुंद झालेली झडप), झडपेचा एरिया 1.0 चौ. सेंमी., मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंतला सरासरी दाबफरक) 11 (नाडी 104 असताना), डावी कर्णिका (हृदयाचा डावा वरचा कप्पा) 50 मिमी., फुप्फुसातला दाब 58, गळती सौम्य, विल्किन्स स्कोअर (झडप किती खराब झाली त्याचे गुण) 7. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके). ॲसिट्रॉम 2 मिग्रॅ. (रक्त पातळ करणारी), मेटोप्रोलॉल (नाडी मंदावणारी) आणि लघवीची गोळी चालू आहे. डॉक्टर बलून (नळीतून फुगा घालून झडप उघडणं) म्हणतात, पाहुणे म्हणतात थेट झडपच बदला. शिवाय आयएनआर (रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा) तपासायला न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्यात म्हणे, त्या चालतील का?

इकोवाला_मिरज
आधी एरिया बघा. 1.5 च्या खाली म्हणजे गंभीर, 1.0 म्हणजे अतिगंभीर. ग्रेडियंटवर फार जाऊ नका. नाडी 104 असेल तर तो फुगलेलाच दिसणार, कारण झडप उघडी राहण्याचा वेळ कमी होतो आणि तेवढ्याच वेळात सगळं रक्त पलीकडे ढकलावं लागतं. मेटोप्रोलॉल दिलंय ते त्याच कारणाने. ताप आला, रक्त कमी झालं किंवा थायरॉईड वाढला की अशाच पेशंटच्या फुप्फुसात अचानक पाणी भरतं. हिमोग्लोबिन आणि टीएसएच केलं नसेल तर करून घ्या.

विल्किन्सची बेरीज 16 पैकी असते आणि 8 पर्यंत बलूनला चांगली मानतात. पण नुसत्या बेरजेवर निर्णय होत नाही. झडपेच्या दोन्ही पाकळ्या जिथे चिकटतात त्या कोपऱ्यांत कॅल्शियम आहे का, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसेल तर विचारा. बलून त्या चिकटलेल्या कडाच उसवतो. तिथे चुना साचला असेल तर कड सुटत नाही, पाकळीच फाटते आणि गळती एकदम वाढते. मग घाईने ऑपरेशन. सौम्य गळती असताना बलून चालतो, मध्यमपेक्षा जास्त असेल तर नको.

काठावरचा_डॉक
त्यात एक भर. एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यातल्या पिशवीत गुठळी असू शकते आणि छातीवरून केलेल्या इकोत ती बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून बलूनआधी घशातून नळी घालून करतात तो इको, म्हणजे टीईई, हवाच. गुठळी सापडली तर बलून रद्द होत नाही, लांबतो. दोन-तीन महिने आयएनआर नीट सांभाळून टीईई पुन्हा.

44 व्या वर्षी झडप अनुकूल असेल तर थेट बदलायची घाई नको. बलून नीट झाला तर एरिया साधारण दुप्पट होतो, उरते ती स्वतःची झडप, आणि पुन्हा अरुंद व्हायला बहुतेकांना बरीच वर्षं लागतात. धातूची झडप म्हणजे जन्मभर आयएनआर, मायट्रलला 2.5 ते 3.5. प्राण्याच्या ऊतीची झडप या वयात दहा-पंधरा वर्षांत पुन्हा बदलायची वेळ येते. पाहुण्यांना हे सांगा.

नव्या गोळ्या नकोत. र्‍हुमॅटिक झडप आणि फिब्रिलेशन अशा पेशंटमध्ये 2022 च्या इन्व्हिक्टस अभ्यासात रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा ॲसिट्रॉमसारख्या जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. ॲसिट्रॉमच ठेवा, सध्या आयएनआर 2 ते 3.

औषधखिडकी
ॲसिट्रॉम 1, 2, 3, 4 मिग्रॅ. अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. दुकानातून घेताना पाकिटावरचा आकडा वाचून घ्या, घोटाळा तिथेच होतो. गोळी रोज संध्याकाळी ठराविक वेळी, म्हणजे सकाळी आयएनआर काढून त्याच दिवशी डोस बदलता येतो. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सुरुवातीला दर तीन-चार दिवसांनी तपासणी, स्थिरावल्यावर महिन्याने, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये.

मेथी, शेपू, पालक सोडायची गरज नाही, आठवड्याला साधारण सारखं प्रमाण ठेवा. खरा धोका गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅकचा आणि जुलाबावरच्या मेट्रोनिडॅझोलचा. पहिल्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, दुसऱ्याने आयएनआर चढतो. नावगाव नसलेल्या संधिवाताच्या पुड्या तर अजिबात नकोत.

कोरेगावकर
धन्यवाद. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शनही लिहिलंय. या वयात कशाला? आणि दाढ काढायची आहे, ती आधी की नंतर?

काठावरचा_डॉक
घशाच्या संसर्गाने पुन्हा र्‍हुमॅटिक ताप आला तर झडप आणखी बिघडते, म्हणून. झडप इतकी खराब असेल तर किमान चाळिशीपर्यंत आणि कधी जन्मभर देतात. पण आता अतिगंभीर स्टेनोसिस आणि दम असताना इंजेक्शननंतर रक्तदाब कोसळून जीव गेल्याची उदाहरणं आहेत आणि ती ॲलर्जीचीच असतात असं नाही. बलून होईपर्यंत तोंडावाटे पेनिसिलिन चालेल का, ते कार्डिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा. इंजेक्शन द्यायचंच ठरलं तर रिकाम्या पोटी नको, पाणी पाजून, आडवं झोपवून द्यायला सांगा.

दाढ बलूनच्या आधी उरकलेली बरी. आयएनआर 3 च्या आत असेल तर ॲसिट्रॉम सहसा बंद करावी लागत नाही. टाका घालून आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या बोळ्याने रक्त थांबवता येतं. मात्र दातांच्या डॉक्टरांना आयएनआरचा ताजा रिपोर्ट दाखवा.

इकोवाला_मिरज
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बलून बसतो का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड, आधार आणि इकोचा मूळ रिपोर्ट सोबत न्या. टीईई योजनेत धरतात की वेगळा भरावा लागतो, हेही तिथेच विचारून घ्या.