अरब-ज्यू तंटा: बाहेरच्यांनी मध्ये पडावं का?

रानवाटा
ऑफिसात डबा खाताना एक सहकारी म्हणाला, "अमेरिका-युरोपने तिथून हात काढून घेतले तर अरब आणि ज्यू आपापसांत मिटवतील." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

१९७८ची, अमेरिकी अध्यक्षांच्या विश्रामस्थळी झालेली कॅम्प डेव्हिडची बोलणी घ्या. इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन तेरा दिवस एकाच आवारात होते, पण समोरासमोर बसले की आवाज चढायचे. शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एकत्र बसवणंच सोडून दिलं आणि मसुदा घेऊन स्वतः एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमबद्दलच्या पत्रावरून बेगिन निघून जायच्या बेतात होते. त्यांनी नातवंडांसाठी फोटोंवर सह्या मागितल्या होत्या. कार्टर यांनी प्रत्येक फोटोवर त्या त्या नातवंडाचं नाव घातलं आणि फोटो स्वतः नेऊन दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर बोलणी पुन्हा रुळावर आली.

अर्थात नुसत्या मायेवर करार झाला नाही. १९६७ला इजिप्तकडून घेतलेल्या सिनाईतले हवाई तळ सोडावे लागणार म्हणून अमेरिकेने इस्रायलला नेगेव्हमध्ये नवे तळ बांधून दिले. इजिप्तला लष्करी मदत सुरू केली. सोव्हिएत नकाराधिकारामुळे संयुक्त राष्ट्रांची फौज मिळेना, तेव्हा सिनाईत देखरेखीला वेगळं बहुराष्ट्रीय दल उभं केलं. १९४८, १९५६, १९६७ आणि १९७३ला लढलेल्या या दोन देशांत १९७९च्या करारानंतर एकही युद्ध झालेलं नाही. हे आपापसांत झालं असतं का?

भाऊचा धक्का
तुम्ही गोष्ट सोयीच्या जागेवरून सुरू केलीत. आग कुणी लावली तेही सांगा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याचा शब्द दिला, १९१६ला फ्रान्सबरोबर तोच प्रदेश गुपचूप वाटून घेतला आणि १९१७ला परराष्ट्रमंत्री बाल्फोरच्या पत्रात ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये 'राष्ट्रीय घर' देऊ केलं. त्या पत्रात 'अरब' हा शब्दच नाही. तिथल्या दहातल्या नऊ माणसांचा उल्लेख आहे 'बिगरज्यू समाज' असा! पुढे १९३९ला, युरोपातले ज्यू जीव वाचवायला धडपडत असताना, याच ब्रिटिशांनी त्यांना तिथे यायला पाच वर्षांत ७५ हजारांची मर्यादा घातली. दोघांनाही दगा दिला आणि १९४८च्या मे महिन्यात गाशा गुंडाळला.

आणि कॅम्प डेव्हिडचंच म्हणाल, तर १९७७ला सादात स्वतःहून जेरुसलेमला गेले. अमेरिका तेव्हा सोव्हिएतांना बरोबर घेऊन जिनिव्हातल्या शांतता परिषदेच्या तयारीत होती. खरी उडी घरातल्या माणसानेच मारली.

रानवाटा
ब्रिटिशांबद्दल शब्द न् शब्द मान्य. सादातचंही मान्य. पण त्या उडीनंतर दहा महिने घोडं अडलंच होतं ना? जेरुसलेमच्या भेटीने सिनाई परत मिळालं नाही.

शनवारतेली
(कोकणात आम्हा बेने इस्रायलींना, म्हणजे मराठी ज्यूंना, हेच म्हणायचे, म्हणून हे नाव.) माझी मावशी मूळची रेवदंड्याची, साठच्या दशकात इस्रायलला गेली, आता तिथल्या अश्दोद शहरात असते. सायरन वाजला की फोनवर "थांब गं" म्हणते आणि जिन्यात जाऊन बसते. मागे नातवाच्या खोलीतली चटई ओढल्याचा, पाण्याची बाटली ठेवल्याचा आवाज येतो. ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यानंतर कितीतरी दिवस हेच. कतारवर तिचा काडीचा विश्वास नाही. पण त्या नोव्हेंबरात हमासने पकडलेले शंभरावर ओलीस सुटले ते कतार आणि इजिप्तच्याच मध्यस्थीने, हे तीच मला सांगते. तेव्हा भाऊ, 'बाहेरचे नकोत' हे आपण मुंबईत बसून म्हणू शकतो.

ऐलपैल
ताई, मावशींची काळजी वाटतेच. गाझात मात्र बसायला जिनाही उरलेला नाही, हजारो लेकरं गेली. या धाग्यावर आत्तापर्यंत पॅलेस्टिनी माणूस आलेलाच नाही, तसा तो कॅम्प डेव्हिडलाही नव्हता. तिथे दोन दस्तऐवजांवर सह्या झाल्या. सिनाईचा पाळला गेला. इस्रायलने १९६७ला घेतलेल्या वेस्ट बँक आणि गाझाच्या स्वायत्ततेचा कागदावरच राहिला, कारण त्यासाठी कुणी पदराला खार लावून घेतला नाही.

मला वेस्ट बँकमधलं हेब्रॉन आठवतं. फेब्रुवारी १९९४मध्ये इब्राहिमी मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर तिथे आंतरराष्ट्रीय निरीक्षक आले. नॉर्वे, स्वीडन, तुर्कस्तान असे सहा देश. हातात शस्त्र नाही, कुणाला अडवायचा अधिकार नाही. बघायचं आणि लिहून ठेवायचं, आणि तो अहवालही जाहीर करायचा नाही. २०१९ला इस्रायलने मुदत वाढवायला नकार दिला आणि ते निघाले. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच मर्जीवर पहारा! असले बाहेरचे काय कामाचे?

भाऊचा धक्का
ऐलपैल, अगदी बरोबर. माझा राग याच्यावरच आहे. १९६७ला गाझा-सिनाईतही तेच झालं. इजिप्तचे अध्यक्ष नासेरनी सांगितलं आणि संयुक्त राष्ट्रांनी तिथली आपली फौज काढायला घेतली. ५ जूनला युद्ध पेटलं तेव्हा आपले भारतीय जवान अजून गाझातच होते, त्यांतले काही तिथेच मारले गेले.

रानवाटा
ही दोन्ही उदाहरणं मला माझ्याच बाजूची वाटतात. ते मध्ये पडले हा दोष नव्हे, हात बांधून पडले हा दोष. १९९१ला थोरल्या बुशनी वेस्ट बँक-गाझातल्या ज्यू वसाहतींवरून इस्रायलची १० अब्ज डॉलरची कर्जहमी अडवून धरली होती. पुढच्या वर्षी पंतप्रधान शामीर निवडणूक हरले, राबिन आले. त्याला हे एकच कारण नव्हतं, पण दाब लागू होतो हे दिसलं. तसा दाब पुन्हा का आला नाही, हे मला वॉशिंग्टनला विचारायचंय.

ऐलपैल
राबिन आल्यावर हमी मिळाली आणि वसाहती वाढतच राहिल्या, हेही त्यात लिहा.

शनवारतेली
आणि १९९५ला राबिनना मारलं ते आमच्याच माणसाने. मावशी त्या रात्री रडत होती. त्याला कुठलं वॉशिंग्टन आवरणार होतं, रानवाटा?