प्रतिसाद: आधी तपासणी, मग पोळी बंद
'आधी महिनाभर गहू सोडून बघा, बरं वाटलं तरच तपासणी करा' हा गव्हाने पोट बिघडतं अशी शंका असणाऱ्यांना वर दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. क्रम उलटा हवा. सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्यासाठीची टीटीजी-आयजीए रक्ततपासणी ग्लूटेनमुळे तयार होणाऱ्या अँटीबॉडी शोधते. गहू सोडला की त्या हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. (सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या अँटीबॉडींचं रक्तातलं प्रमाण, हेही तपासा, ते मुळातच कमी असेल तर पहिल्या आकड्यावर विसंबता येत नाही.) माझ्या जावेचं हेच झालं. ज्वारीच्या भाकरीवर पोट शांत झालं, वजनही जरा भरलं. मग ठाण्याच्या नौपाड्यातल्या पोटविकारतज्ज्ञांनी पुन्हा दोन्ही वेळा पोळी खायला लावली. साधारण ६ आठवडे तरी खावी लागते म्हणे. त्यानंतर रक्त तपासलं, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढला, तेव्हा कुठे निदान पक्कं झालं. तोवर घरात सगळ्यांचेच हाल, संडास एकच!

आणि भाकरी सुरू केली म्हणजे गहू सुटला असं समजू नका. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. बांधानी (म्हणजे पीठ, डिंक मिसळून बनवलेल्या) हिंगात बरेचदा मैदा असतो, आणि आपल्याकडे फोडणी हिंगाशिवाय होते कुठे?