सुरतेहून कुटुंब काटोलला परतलं, आधी काय करावं?

प्रश्न: कार्ड गुजरातचं, पीएफ अडकलेला, पोरांचा शाळा सोडल्याचा दाखला नाही.

उत्तर: भाऊ, रेशन आधी. 'वन नेशन वन रेशन'मुळे अन्नसुरक्षेचं कार्ड इथं महाराष्ट्रातही चालते. घोडं अडते अंगठ्यावर. सिमेंटनं रेघा झिजल्या की रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. दुसरं बोट लावा, नाहीतर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करा.

उत्तर: पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख पाहा. मालकानं टाकली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर २ महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर स्वतः टाकता येते. आधार अन् पीएफमधलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवा, नाव जुळलं नाही की क्लेम तिथंच परततो. १० वर्षं भरली असतील तर पेन्शनची रक्कम निघत नाही, स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी भरलेल्या वर्षांचा दाखला) घ्या.

उत्तर: दाखल्यासाठी आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. टोलवाटोलवी केली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.