अनुभव धागा: नवं वेब-साधन तुमच्या हाती कसं बसलं?

नवं ऑनलाइन साधन समोर आलं की सुरुवातीला सगळा वेळ बटणं शोधण्यात जातो, आणि मग केव्हातरी हात आपोआप चालू लागतो. हे कशामुळे घडलं ते इथे लिहा. साधन कुठलंही चालेल, पण 'कोर्स केला आणि आलं' एवढ्यावर थांबू नका. काम काय होतं, गाडी कुठे रुतली, कशाने सुटली, हे हवं आहे.

सुरुवात मीच करतो. एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, तिचे टॅग (पानाच्या प्रत्येक भागाला लावायच्या खुणा) मला पाठ होते, तरी पान उभं कसं राहतं ते उमगत नव्हतं. ते उमगलं ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून पानाची रचना दाखवणारी चौकट उघडल्यावर. आवडलेल्या पानातला एखादा परिच्छेद निवडायचा, बाजूच्या चौकटीत त्याची रुंदी बदलायची, समास काढून टाकायचा; समोरचं पान लगेच हलतं. बदल फक्त आपल्या पडद्यावर दिसतो, रिफ्रेश केलं की मूळ पान परत. काही बिघडण्याची धास्तीच नाही! सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने १९९३ मध्ये वेबचं तंत्र सर्वांसाठी खुलं केलं, त्या खुलेपणाची गोडी मला इथे कळली.

---

माझं काम जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. कारण त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरी आकार बसवलेले होते. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला; 'क'चा ०९१५. हे समजल्यावर टंकनातली कोडी सुटत गेली. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचंच बघा. पहिल्यात साधा र, हलंत, य. दुसऱ्यात नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलंत, य. आता कुठलंही जोडाक्षर अडलं की मी आधी त्याचे घटक सुटे करून बघते.

---

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरते. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला. आधी मी बाणाच्या कळीने ओळ न् ओळ ऐकायचे आणि पान संपेस्तोवर जीव मेटाकुटीला यायचा. मग एका मैत्रिणीने दाखवलं: 'एच' दाबलं की पुढचं शीर्षक, 'के' दाबलं की पुढची लिंक. तेव्हापासून मी पानात हवी तशी फिरते. मात्र शीर्षकाला शीर्षकाचाच टॅग दिलेला असेल तरच हे जमतं. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली, तर माझ्या कानाला तो साधा परिच्छेदच. पानं बनवणाऱ्यांनो, एवढं सांभाळा, ही कळकळीची विनंती.

---

गिटबद्दल, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाबद्दल, थोडक्यात. आज्ञा घोकून उपयोग झाला नाही. कागदावर प्रत्येक कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, एक ठिपका काढला, ठिपके रेघांनी जोडले, शाखा फुटते तिथे दुसरी रेघ काढली. मग मर्ज म्हणजे काय, दोन शाखा परत एकत्र कशा येतात, ते दिसलं.

---

आईला गूगल डॉक्समध्ये लिहायचं होतं. माउस तिच्याच हातात राहील, असं मी आधीच ठरवलं होतं. तिला एकच भीती: लिहिलेलं पुसलं गेलं तर? म्हणून म्हटलं, "आई, हा परिच्छेद मुद्दाम पुसून टाक." तिने जीव मुठीत धरून पुसला. मग फाइल मेनूतला आवृत्त्यांचा इतिहास उघडून, मघाची आवृत्ती निवडून, तिनेच तो परत आणला. लगेच म्हणाली, "थांब, पुन्हा करून बघते." त्यानंतर ती मला विचारायची बंद झाली. आता मावशीला तीच शिकवते, आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, कारण कुठे पाय अडखळतो हे तिला ताजं आठवतं.

---

शीर्षकांचा मुद्दा फार मोलाचा, माझी जुनी पानं आजच तपासायला घेतो. आणि आवृत्त्यांचा इतिहास पहिल्याच बैठकीत शिकवावा, हेही मनापासून पटलं. ज्यांनी संगणकाला हात न लावता सगळं फोनवरच शिकलं, त्यांचे अनुभव अजून आलेले नाहीत. छोट्या पडद्यावर स्प्रेडशीट किंवा लांब फॉर्म कसा हाताळता, ते जरूर लिहा.